माया

शिवणीत जे कापड जास्तीचं सोडतात
त्याला आमच्यात माया म्हणतात.
दोन बोटं, कधी तीन.
माणूस पुढेमागे फुगणार, ही त्यामागची समजूत.
पद्मावतीच्या या अरुंद दुकानात
अठ्ठावीस वर्षं मी लोकांच्या पँटी मागून उसवतोय
आणि कुणाची कंबर मोठ्याने बोलत नाही.
आकडा चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी पालथी ठेवायची.
दुकानाचा नियम आहे.

स्वतःला टेप कधी लावली नाही.
अंदाजाने सैल करत गेलो.

तीन महिन्यांची साखर आठ पूर्णांक चार निघाली तेव्हा
डॉक्टर गोडबोले आडनावाला न जागता म्हणाल्या,
"हेंद्रे, चाला. मग पळा.
आणि शेजारच्या कढईकडे पाठ करून बसा."
म्हणून मशीन फिरवून भिंतीकडे तोंड केलं.
चार वाजता वड्यांचा वास तरीही यायचा,
मानेवर हात ठेवून उभा राहायचा.

तळजाईवर पहिल्या दिवशी
फाटकापासून पहिल्या वळणापर्यंत पळालो.
छातीत मशीन धडधडत होतं
आणि पायडल कुणी दुसराच मारत होता.
काठीवाले एक आजोबा मला मागे टाकून गेले.
जाताना म्हणाले, "सावकाश. कोणी वाट बघत नाहीये."
पुण्यात याला प्रोत्साहन म्हणतात.

तिसऱ्या दिवशी मांड्या सोलवटल्या.
यावरचा इलाज डॉक्टरकडे नव्हता, माझ्याकडे होता.
रात्री बसून चड्डी शिवली, शिवण बाहेरच्या अंगाला.
सकाळी झाडीत मोर ओरडत होते,
मी उलट्या चड्डीत पळत होतो
आणि काहीच टोचत नव्हतं.

कुमुदची माया तुपातली.
भाकरीवरचा गोळा मी बाजूला काढला
तेव्हा तिला वाटलं, तिलाच बाजूला काढलं.
आठ दिवस घरात फक्त भांडी बोलली.
नवव्या दिवशी ताटात अर्धी भाकरी, चाकवताची भाजी,
आणि कडेला काकडी,
इतकी पातळ चिरलेली
की चकतीतून ताटाची नक्षी दिसावी.
मी कापडातला माणूस.
इतकं तलम काम कुणी रागात करत नाही.

दिवाळीत दोन किलो परत आले.
रात्री दोनला, दिवा न लावता,
चिवड्याच्या डब्याशी उभं राहून खाल्लेले.
झाकण लावताना आवाज होऊ नये म्हणून
केवढी काळजी घेतली होती!
दुसऱ्या दिवशी टेकडीवर गेलो नाही.
तिसऱ्या दिवशीही नाही.
चौथ्या दिवशी आजोबांनी विचारलं, "वारला होतात काय?"
मग पळावंच लागलं.

होळीच्या सुमारास उतारावर पळताना
पँट एका हाताने धरावी लागली, तेव्हा
करडी पँट दुकानात नेऊन उसवली.
आत तीन रंगांचे दोरे निघाले,
काळा, निळा, एक चक्क मेंदी कलरचा,
त्या त्या वर्षी हाताला लागला तो.
दर वर्षी एक पाऊल, बाहेरच्या बाजूला.
आणि अगदी कडेला, एका बोटाएवढी,
माया शिल्लक होती अजून,
ठाण आणलं त्या दिवशीच्या रंगाची,
ऊन न बघितलेली.
जरा वेळ हातात धरून बसलो.

तौफिकने टेप लावली
आणि पोरगं दुकानभर ओरडलं, "मास्तर, साडेछत्तीस!"
वडेवाल्याने झारा थांबवून वळून पाहिलं.
नियम मोडला म्हणून रागवायला हवं होतं.
मी म्हटलं, "परत बघ. नीट ऐकू आलं नाही."

नवी शिवण घातली.
आत बोटं जाईल एवढं कापड जमा झालं.
"जास्तीचं कापू?" त्याने कात्री उचलली.
राहू दे म्हटलं.
दिवाळी दर वर्षी येते.