वारुळाचा वाघ

दीड किलो.
बाजारात कोबीचा गड्डा निघतो तेवढं वजन.
आटी स्वार्टबोय म्हणतो, वाघ आहे तो,
आणि हसत नाही.
कारूच्या पठारावर त्याचे आजे-पणजेही हेच म्हणत आले :
वारुळाचा वाघ.
जिराफाच्या नरडीला लोंबकळून त्याला लोळवतो,
अशीही एक गोष्ट आहे.
ती मात्र आटी हसत सांगतो.

वाळवीनं सोडलेलं वारूळ,
आत पोकळ, भर दुपारी गार.
तिथं ती झोपते, तळवे पोटाशी घेऊन.
तळवे काळे, सांडलेल्या काजळात पाय पडल्यासारखे.
अंगभर ठिपके, पायांवर येता येता त्यांचे पट्टे झालेले,
रंगवणाऱ्याला मध्येच घाई झाली असावी.

दिवस बुडाला की निघते.
तासाभरात एक उंदीर, नाहीतर चंडोल,
नाहीतर नुसताच टोळ.
रात्रीत दहा, बारा, कधी चौदा.
पाणी नसलं तरी भागतं,
शिकारीच्या रक्तात असतं तेवढं पुरतं.
चार-पाच कोस चालणं होतं पहाटेपर्यंत.
कधी एकाच बिळाच्या तोंडाशी अर्धा तास,
डोळे मिटलेले, कान तेवढे हलते.
बघणाऱ्याला वाटावं, पेंगली.
उंदरालाही तसंच वाटतं.

आवाज मात्र अंगापेक्षा मोठा.
एवढ्या माळावर नर कुठल्या टोकाला असेल कोण जाणे,
हाक पोचायला तर हवी.

नोव्हेंबरात मेंढ्या व्यायला लागल्या.
कोल्ह्यांसाठी विष लावलेले मांसाचे चाळीस तुकडे
बारनार्डनं मोजून दिले, वहीत लिहिले.
कोल्हा शहाणा. वास घेतो, पुढे जातो.
मरतं दुसरंच कुणी.
मागल्या साली कुंपणाच्या तारेखाली एक सापडली होती,
तोंडाला फेस, सड दुधानं तटतटलेले.
आटीनं दोन दिवस बिळं धुंडाळली.
काही नाही.

यंदा एकतीस तुकडे टाकून झाले होते.
बॅटरीच्या झोतात एक पिल्लू आलं, मुठीएवढं.
पळालं नाही. बिळाकडेही गेलं नाही.
आहे तिथंच थिजलं, दगडाशेजारी दगड.
आटीनं बॅटरी विझवली
आणि तोही तसाच उभा राहिला,
पाठीला पिशवी, पिशवीत नऊ.
थंडी उतरली. पायाला मुंग्या आल्या.
मग अंधारातून तुटक तुटक हाक.
चांदण्यात दोन कान दिसले,
आडवे झाले, अर्धे वर, पुन्हा आडवे.
तेव्हा कुठे तो दगड हलला.

सकाळी वहीत चाळीस लिहिलं, खाली सही.
नऊ तुकडे हातभर खोल पुरलेत,
वर धोंडा ठेवलाय,
पण कुठल्या वारुळापाशी ते मलाही सांगत नाही.

मी विचारलं, आणि ते एकतीस?

आटी तारेचा पीळ आवळत राहिला.
बराच वेळ.
मग म्हणाला, पक्कड दे.