चिखल

शनिवारी झुल्मीरा पहार घेऊन आली
आणि कुणाला न विचारता
योपच्या दारापुढची पहिली फरशी उचकटली.

योप ब्याऐंशीचा. म्हणाला,
"ही मी बसवलीय, अठ्ठ्याहत्तर साली.
बायकोला चिखल नको होता."
मग जरा वेळ गप्प.
मग हातमोजे शोधायला आत गेला.

रॉटरडॅम. समुद्राच्या पायरीखाली वसलेलं गाव.
पाणी बाहेर कसं ठेवायचं, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक.
वरून कोसळेल त्याचं काय,
हे गेल्या जूनमध्ये नूरगुलच्या तळघरात
शिलाई मशीन बुडेपर्यंत
कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

फरशीखाली फिकी, कोरडी वाळू,
मुंग्यांची अंडी, निळी गोटी,
आणि एका कानातलं.
योपने ते पँटला पुसलं, खिशात टाकलं.
आम्ही दुसरीकडे पाहिलं.

दुपारपर्यंत एकशे सत्तावीस निघाल्या.
सायकलवरचा एक जण म्हणाला, एवढ्यानं काय होणार?
खरंच, काय होणार?
चाळीस बादल्या मुरतील, फार तर पन्नास.
झुल्मीराने त्याच्या हातात एक फरशी ठेवली.
जड होती. सायकल भिंतीला टेकली.

रात्री धो धो लागला.
खिडकीतून पाहिलं तर योप,
पायजम्यावर, छत्री धरून,
मान तिरकी करून उभा,
जमिनीच्या घोटांचा आवाज ऐकत.

आत जाताना
त्यानं पाय पुसले नाहीत.