एका गाण्यापुरता

पोस्टरवर माझं नाव नसतं.
पोस्टरवर ते पाच जण असतात,
मागे हिरवा धूर, खाली प्रायोजक:
एक टायरवाला, एक क्लासवाला.
मी असतो तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर,
गिटार दोन्ही गुडघ्यांत उभी धरून,
दुरुस्त करून आणलेला टेबलफॅन
ऑटोत धरून बसावं तसा.

चौथ्या गाण्यानंतर कैवल्य घाम पुसतो,
माइकवर म्हणतो, "एक जण इथं गुपचूप बसून राह्यला.
ये ना बे वर."
तीनशे माना वळतात,
त्यातल्या दोनशे चुकीच्या माणसाकडे.

पायऱ्या पाच. तिसरी हलते.
या शहरातल्या सगळ्या स्टेजांच्या
हलत्या पायऱ्या मला पाठ आहेत.

इतवारीत कव्वालांच्या मागे बसलोय,
टाळ्या वाजवायलाच बोलावलं होतं,
पहाटे तीनला कुणीतरी म्हणालं, काढा आता ती पेटी.
पाचपावलीत जयंतीच्या रात्री
शीलाताई खोब्रागडेंच्या ढोलकीशेजारी
दोनच सूर धरून उभा राहिलो, पुरेसे होते.
सदरच्या एका बारमध्ये तीन इंजिनिअर पोरं,
त्यांना एकच चाल यायची,
पण ती खरी होती.

पाहुण्याचे नियम कुणी लिहून ठेवलेले नाहीत.
ज्याच्या अ‍ॅम्पमध्ये वायर खुपसायची
त्याच्या डोळ्यांत आधी बघायचं.
पहिली फेरी नुसती ऐकायची.
एखादी जागा सापडलीच तर दोनदा वाजवायची,
तिसऱ्यांदा यजमानाच्या पुढ्यात सरकवायची,
सावजीकडे शेवटची नळी सरकवतात तशी.
आणि टाळ्या चालू असतानाच उतरायचं.

आमचाही एक बँड होता.
लोखंडी पूल त्याचं नाव. नऊ वर्षं.
मोडला तो जनरेटरच्या बिलावरून,
म्हणजे, लोकांना आम्ही तसं सांगतो.

मे महिना, मनीष नगरचं माझं छत,
खालच्या खोलीत कूलर. त्याचा पंप बिघडलेला,
रात्रभर एकाच स्वरात घुमायचा.
मी बंद करायला उठलो तर लेस्ली म्हणाला,
राहू दे. हा आपला सा.
त्या सावर आम्ही पहाटेपर्यंत एक चाल रचली,
नाव ठेवलं पंप.
लोकांना वाटायचं काहीतरी खोल अर्थ आहे.

लेस्ली आता या पाचांत बास वाजवतो.
आज मला वायर त्यानेच दिली,
बोलला काही नाही.
मग खालच्या तारेवर अंगठा ठेवला
आणि तो घुमायला लागला.

मी ओळखलं.
माझ्याच छतावर मला
पाहुणा म्हणून बोलावलं होतं.

पहिली फेरी नुसती ऐकायची.
माझा भाग एक पोरगा वाजवत होता,
वीस-एकवीसचा, डोळे मिटून, हिंगण्याकडचा असावा.
रेकॉर्डिंगच्या दिवशी वरच्या निषादावर
माझं नख घसरलं होतं.
पुन्हा वाजवायला पैसे नव्हते, ते तसंच राहिलं.
पोरानं तेही शिकून घेतलं होतं.
बरोब्बर तिथेच घसरला,
तितकाच.

आता मी काय वाजवणार?
चालीत जागा नव्हती, सगळी मीच भरून ठेवलेली.
म्हणून मी कूलर वाजवला.
एक तार, एक स्वर, अकरा मिनिटं,
मध्ये जाळीतून पाणी ठिबकतं तेवढा खंड.
प्रेक्षकांत कुणीतरी मोबाइल बघत होतं,
कुणीतरी मान हलवत होतं.
पोरानं एकदा डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं,
हा माणूस काहीच का वाजवत नाही, असं.

टाळ्या चालू असताना उतरायला हवं होतं.
नाही उतरलो.

स्टेजमागे लेस्ली सिगारेट शोधत होता.
"पंप दुरुस्त केला का बे?"
"नवा टाकला."
"काहून?"

मी वायर गुंडाळत राहिलो,
कोपरापासून अंगठ्यापर्यंत,
कोपरापासून अंगठ्यापर्यंत.
वायर त्याची होती.