भोकाची कड

मुनाफभाई म्हणाले, लिहा: बर्मा आघाडी, बेचाळीस.
मी म्हटलं, कशावरून?
ते म्हणाले, भोक बघा ना मॅडम, गोळीचंच आहे.

माझगावात, फरसाणाच्या गोदामावर आमची खोली.
कोटांना डांबराच्या गोळ्यांचा वास, मला पापडीचा.
भिंतीवर पांढरी चादर, तिच्यापुढे मुंडकं नसलेला पुतळा.
त्याच्या अंगावर रोज नवी फौज चढवते,
फोटो काढते, छाती मोजते, बाही मोजते
आणि खाली चार ओळी.
पैसे त्या चार ओळींचे मिळतात, कापडाचे नाही,
हे मुनाफभाईंना माझ्या आधी कळलं.

पाच वर्षांत हात जरा शहाणा झाला.
मेजरचा म्हणून आलेला कोट चौकीदाराचा निघाला:
बटणावरचा नांगर गोदीचा होता, नौदलाचा नव्हे.
एका सदऱ्याच्या कॉलरमागे तीन ठिपके, एक त्रिकोण.
बेल्जियमचं एक गिऱ्हाईक त्यात पलटणीचा नंबर वाचून बसलं.
मी कळवलं, साहेब, ही बिब्ब्याची खूण,
कामाठीपुऱ्यातल्या नरसय्या धोब्याची.
तीन ठिपके म्हणजे तिसरा मजला.
त्यानं पैसे परत मागितले.
सदरा काही परत आला नाही.

हा कोट मात्र लाल. डाळिंबी म्हणा.
खांद्यावर जरीची झालर, अर्धी गळलेली.
डावा खांदा झिजून जाळी झालेला, म्हणजे ढोलाचा पट्टा.
आतल्या खिशाच्या कोपऱ्यात दोन अक्षता,
कुंकू उडालेल्या.
मी लिहिलं: बँडवाल्याचा कोट, लग्नातला.
भोक: अनाराची ठिणगी.
किंमत: सहाशे.
मुनाफभाई तीन दिवस बोलले नाहीत.
चहा मात्र पाठवत राहिले, बिनसाखरेचा.

चौथ्या दिवशी तुटका हूक बसवायला कॉलर उसवली.
शिवण घट्ट होती, रंग आत शिरला नव्हता.
बोटभर खाकी.
जाड सर्ज, त्यावर काळा शिक्का:
बाणाचं टोक, मग चार, मग दोन,
पुढचं अक्षर घामानं नेलेलं.

लढाई संपल्यावर कुणीतरी लिलावात उचलला असणार,
ढिगानं, किलोच्या भावानं.
पातेल्यात उकळला,
काठीनं दाबून दाबून बुडवला,
वाळवला, जर लावली
आणि वरातीत उभा केला.

भिंग घेतलं. भोकाकडे गेले.
डाव्या बरगडीवर, करंगळी जाईल एवढं.
कड लाल. तुटक्या धाग्यांची टोकंही लाल,
आतपर्यंत.
म्हणजे भोक आधी, रंग नंतर.
अनार माझा होता.
मीच लावला होता, बसल्या जागी, ट्यूबलाइटखाली,
सहाशे रुपये किंमत टाकून.

मुनाफभाई दारात उभे. लपवलं नाही.
बघा! म्हणाले, बर्मा!
मी म्हटलं, रंगाच्या आधीचं, एवढंच.
डेपोतला खिळा असेल, उंदीर असेल, कसर असेल.
असेल, ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले,
बराच वेळ.
त्यांनीही बोट घालून पाहिलं नाही.

संध्याकाळी जुनी नोंद पुसली.
खाकी, नंतर लाल.
शिक्का अर्धा.
मालक किमान दोन, दोघांचीही नावं नाहीत.
अक्षता दोन, पुडीत बांधून सोबत देऊ.
मुनाफभाईंनी मागून येऊन एक शब्द वाढवला: बर्मा.
मी त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं.
त्यांनी ते राहू दिलं.

भोक: एक. रंगाच्या आधीचं. कशाचं, माहीत नाही.
छाती: अडतीस इंच.
उकळण्याआधी
इंच-दीड इंच जास्त असावी.