तपासनीस

छत्तीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी करकरीत कागद उजेडाला धरले.
लोकांना वाटतं, खोट्या नोटा पकडायचो.
छे. खोट्या आमच्याकडे यायच्याच नाहीत.
मी पकडायचो खऱ्यातल्या चुकलेल्या:
शाई फुटलेली, आकडा सरकलेला,
कड अर्ध्या केसानं वाकडी.

काल पंचवटीतल्या सभेला बसलो होतो.
विषय: गोदेच्या पात्रातलं काँक्रीट,
ठेवायचं की उखडायचं.

गांगुर्डेबाई उठल्या, हातात वहीचा फाटका कागद.
"तळाला सिमेंट घातलंत. पाणी मुरणार कुठं?"
एवढंच.

निरगुडे सर हसले. ते आधी हसतात.
"म्हणजे भाविकांनी चिखलात आंघोळ करावी, असं बाईंचं म्हणणं."
बाई असं म्हणाल्याच नव्हत्या.
वडाची साल पिंपळाला लागली
आणि सभेत एक पान हललं नाही.

मग, "धरण बांधलं तेव्हा कुठं होता तुम्ही?"
"चौथीत," बाई म्हणाल्या.
मग नदीचं पात्र हळूच बाजूला सरकलं
आणि प्रश्न उरला, बोलायला पात्र कोण.
मग एका दमात एकवीस मुद्दे,
एकाला हात घालावा तर वीस निसटतात,
मळ्याच्या माशांसारखे.

बाईंनी पुन्हा विचारलं, पाणी मुरणार कुठं?
बोलताना साल चुकलं. थांबल्या. कागद पाहिला.
"चुकलं माझं," म्हणाल्या, आणि दुरुस्त केलं.
सरांचं काहीच चुकलं नाही.
एकही आकडा, एकही अनुस्वार.

तेव्हा बोटांना कळलं
जे छत्तीस वर्षांत हाताखालून गेलंच नव्हतं:
शाई फुटते ती बहुधा खऱ्याची.
(हाही नियम नाही. नियम केला
की मीही एकवीस मुद्द्यांतला बाविसावा.)

टाळ्या सरांना पडल्या.
त्यातले दोन हात माझे होते.

घाटावरून परत आलो. दुतोंड्या मारुतीला
दोन तोंडं खरी, पण पूर आला
की दोन्हीकडच्यांना तो पाणी
एकाच उंचीवर दाखवतो.
आज पूर नव्हता. पाणी कुठंतरी मुरत होतं,
नदीच्या तळात नव्हे.

पुलावरच्या दिव्याखाली थांबलो,
दोन्ही तळवे उजेडाला धरले,
जुन्या सवयीनं, उलटसुलट.
शाई कुठंच फुटलेली नव्हती.