झुग्दिदीची मिनीबस

काचेला गेलेला तडा युद्धातला नव्हे,
गेल्या हिवाळ्यातला, असं मुर्ताझ स्वतःहून सांगतो.
भाडं दोन लारीनं वाढलंय, त्याबद्दल मात्र चकार शब्द नाही.

मागे त्सिउरी, मांडीवर अक्रोडांची पिशवी:
'ड्रोनला म्हणे डोळे असतात.
मग एवढे खड्डे त्याला दिसत नाहीत होय?'
कुणी हसतं. कुणी क्षेपणास्त्राचा पल्ला सांगतं
किलोमीटरात, छातीठोक,
घरच्या म्हशीचं दूध सांगावं तसा.
रेडिओवर कोण कुणाला इशारा देतंय
ते इंजिनच्या घरघरीत नीट कळत नाही.
तरी मुर्ताझला पटत नाही.

अंझोर गप्प. गुडघ्यांत
घोंगडीत गुंडाळलेली बापाची दुनळी.
परवाना संपलाय, कचेरीत चाललाय.
शेजारचा पोरगा मोबाइलमधून मान न काढता:
'आता हिचा काय उपयोग, आजोबा?
बटण दाबलं की शहर जातं.'
'असेल,' अंझोर म्हणतो,
'कोल्हा अजून पायीच येतो.'

पुलाअलीकडे गाडी कडेला घ्यावी लागली.
लष्कराचे ट्रक. मी अकरा मोजले,
त्सिउरी म्हणते बारा.
शेवटच्यात एक पोर बसल्या बसल्या झोपलेलं,
तोंड उघडं,
हनुवटी थेट बंदुकीच्या नळीवर.

'अगं बाई,' त्सिउरी म्हणाली,
'मान अवघडेल त्याची.'

धूळ खाली बसली तरी
कुणी खिडकी उघडेना.
अंझोरनं घोंगडीची गाठ पुन्हा आवळली.

मग मुर्ताझनं भाडं मागितलं,
आणि सगळे एकदम बोलायला लागले.