गार वारा, अकरा हप्त्यांत

आधी नुसता वास आला, जळक्या रबराचा.
मग बॉनेटखाली कुणी खडे दळावेत तसा आवाज,
आणि जाळीतून येणारा वारा
हळूहळू माझ्या श्वासाइतका कोमट झाला.

युमा, ॲरिझोना. जुलैचा दुसरा आठवडा.
आमच्या मापाने एकशे सतरा अंश.
स्टिअरिंगला हात लावायचा
तर ओव्हनचे हातमोजे घालून.
मी घालते. हसा खुशाल.

आधी दुकानातून गॅसचा डबा आणला, बेचाळीस डॉलर.
डब्यावर बर्फाच्या डोंगराचं चित्र.
गारवा नऊ दिवस टिकला. चित्र अजून आहे.

शेवटी हॉलिसने नळी सोडवली,
आत करंगळी फिरवली
आणि माझ्यापुढे धरली:
काळ्या तेलात चमचम, चांदीचा बारीक भुगा.
"कॉम्प्रेसरने स्वतःलाच खाल्लंय, डेल्फिना.
कण सगळीकडे गेलेत."
डॉक्टर सांगतात तसं, जमिनीकडे बघत.
कंडेन्सर, ड्रायर, व्हॉल्व्ह, सगळं नवं.
एकोणीसशे साठ.
गाडी मी घेतली होती एकवीसशेला.
चार आण्याची कोंबडी म्हणतात
ती मी दारात पाळली होती, विमा काढून.

मंगळवार, गुरुवार, शनिवार
मी मिस्टर क्विगलींना डायलिसिसला नेते.
एजन्सी मैलाचे पैसे देते,
हवेचे देत नाही.

पाचची पाळी मागून घेतली.
जाताना अंधार मिळाला,
येताना दहाचं ऊन.
मानेभोवती ओले टॉवेल, चारही काचा खाली,
त्यांच्या मांडीवर बर्फाची पिशवी.
दिवसाला चार कप पाणी, एवढीच त्यांना मुभा,
म्हणून एकच खडा जिभेवर ठेवायचे
आणि तो संपू नये म्हणून गप्प बसायचे.

संपला की ओरडून बोलायचे, वाऱ्यावर मात करत:
त्यांचे वडील वाळवंट रात्रीच ओलांडायचे,
बंपरला कॅनव्हासची पखाल टांगून.
कापड पाझरायचं, वारा लागायचा,
"आणि पहाटे, काय सांगू पोरी, ते पाणी!"
मग पिशवीकडे बघायचे.
मी रस्त्याकडे.

टायरसाठी ठेवलेले पाचशे दिले.
उरलेले अकरा हप्त्यांत.
हॉलिसने वहीत लिहिलं, सही घेतली नाही.

सगळं जोडल्यावर त्याने पंप लावून
नळ्यांतली हवा काढून घेतली,
आणि आम्ही एका काट्याकडे बघत बसलो, पाऊण तास.
काटा हलला नाही तर गळती नाही.
मनात आलं, महिन्याच्या पगाराला
एकदा हे यंत्र लावून बघावं.
नको.
काटा कुठे पळेल ते मला पाठ आहे.

हलला नाही.

गुरुवारी क्विगली बसले. मी दार लावलं,
काचा वर केल्या, बटण दाबलं.
आधी वाफेसारखी फुंकर,
मग ते आलं: गार, कोरडं, नव्या रबराच्या वासाचं.
माझे डोळे भरले. दोष हवेचा, म्हटलं.

गाडीत इतकी शांतता
की त्यांच्या दंडावरची चिकटपट्टी
सुटताना ऐकू आली.
आता ओरडायला वारा नव्हता,
त्यांनीही काही सांगितलं नाही.
नदीवरच्या पुलावर
त्यांनी कप्प्यातलं बिल काढून वाचलं,
चष्म्याशिवाय, हात लांब करून.
"एक वर्षाची गॅरंटी?
मला तर एवढी कुणी देत नाही."

मी हसले. मग हसणं कुठे ठेवावं कळेना.

पुढच्या सिग्नलला म्हणाले,
"डेल्फिना, गारठलो बघ. चादर आहे का मागे?"

एकोणीसशे साठ डॉलर.
मी बटण एक घर खाली आणलं.
एकच.